खाशाबा जाधव आणि आमची कुस्तीची लाइव्ह व्हॅन

१५ जानेवारी २०२३ ला तुम्ही फोनवर गुगल उघडलं असेल, तर नेहमीच्या नावाच्या जागी एका पैलवानाचं डूडल दिसलं असेल. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा तो ९७ वा जन्मदिवस होता. बऱ्याच जणांनी त्यावर टॅप केलं, दोन ओळी वाचल्या (स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, हेलसिंकी, १९५२) आणि पुढे स्क्रोल केलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आम्ही चौघं मित्र मिळून सातारा आणि सांगली भागातल्या जत्रांच्या कुस्त्या, कबड्डी, खो-खो लाइव्ह दाखवणारी एक छोटी व्हॅन उभी करतोय. कॅमेरा कुठला घ्यायचा, सिम किती लागतील, बॅटरी किती तास टिकेल असे प्रश्न तर होतेच. पण व्हॅन नक्की कशासाठी, हा प्रश्न माझ्यासाठी सुटला तो खाशाबांचं आयुष्य वाचताना. त्यांच्या आयुष्यात काही वळणं अशी आहेत, जिथे ताकद आणि डाव यांच्याइतकंच महत्त्व आणखी तीन गोष्टींना आलं: कुस्ती कुणी पाहिली, निकाल कुणी नोंदवला, आणि पैलवानाच्या बाजूने कोण बोललं. म्हणून या लेखात त्यांची गोष्ट सांगतो, आणि त्या त्या वळणावर आम्ही व्हॅनमध्ये काय बसवलं तेही सांगतो.

गोळेश्वरची माती

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, तालुका कराड, जिल्हा सातारा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. कुस्तीचे पहिले धडे वडिलांनीच दिले. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये. ते दिवस १९४२ च्या चळवळीचे होते. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्यात हा शाळकरी मुलगाही होता.

पुढे ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. तिथे बाबुराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजींच्या हाताखाली तयार झाले. अंगाने लहान, पण चपळाई अशी की पुढे त्यांना पॉकेट डायनॅमो हे नाव पडलं. जोर लावण्यापेक्षा समोरच्याचा तोल ओळखून डाव टाकायचा, ही त्यांची कुस्ती.

आता व्हॅनकडे. मातीच्या हौदातली कुस्ती दाखवणं मॅटपेक्षा अवघड असतं. माती उडते, पैलवानांचं अंग आणि माती एकाच रंगाची होते, आणि भोवती माणसं इतकी दाटलेली असतात की कॅमेऱ्याला जागाच मिळत नाही. संध्याकाळनंतर दिव्यांची आणखी एक गंमत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्यात चित्र लपलप करतं. उपाय फुकट आहे: फ्रेम रेट २५ किंवा ५० ठेवा आणि शटर स्पीड १/५० किंवा १/१०० वर लॉक करा. फोनच्या कॅमेऱ्यातही प्रो मोडमध्ये हे करता येतं.

लंडन, १९४८

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी खाशाबांची निवड झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोवर सगळी कुस्ती मातीत झालेली. मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवे होते. तरी फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोच्या आतल्या गटात, हा बावीस वर्षांचा मुलगा सहावा आला. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना मॅटवरचे बारकावे शिकवले.

याच ऑलिम्पिकचं बीबीसीने टीव्हीवर थेट प्रक्षेपण केलं. त्यासाठी वेम्बलीला ओबी व्हॅन उभ्या होत्या. ओबी म्हणजे आउटसाइड ब्रॉडकास्ट. स्टुडिओची कंट्रोल रूम गाडीत भरायची आणि जिथे खेळ आहे तिथे न्यायची, एवढीच ती कल्पना. चित्र दिसायचं ते लंडन आणि आसपास ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांना. कुस्त्या वेम्बलीपासून दूर, अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये होत्या. गोळेश्वरला तर टीव्ही हा प्रकारच माहीत नव्हता. भारतात टीव्ही आला १९५९ मध्ये, तोही फक्त दिल्लीत.

ओबी व्हॅनची कामं तेव्हाही चार होती, आजही चारच आहेत: चित्रं गोळा करणं, त्यातलं एक निवडणं, आवाज जोडणं आणि सगळं बाहेर पाठवणं. फरक आकाराचा आहे. तेव्हा मोठी गाडी लागायची, आज मारुती ईकोच्या मागच्या भागात काम होतं. आमच्या गाडीत एक उतरवता येणारा रॅक आहे. त्यावर चार इनपुटचा छोटा व्हिडिओ स्विचर, एक लॅपटॉप, दोन मॉनिटर आणि साउंड मिक्सर.

हौदापासून गाडी लांब उभी करावी लागते, तिथे केबलचा प्रश्न येतो. एचडीएमआय केबल १०-१५ मीटरपुढे भरवशाची राहत नाही. म्हणून कॅमेऱ्याजवळ छोटा कन्व्हर्टर लावून एसडीआय केबल वापरतो. चांगल्या प्रतीची असेल तर ती फुल एचडी चित्र ६०-७० मीटर सहज नेते. केबल जमिनीवरून न्यायची असेल तर वर रबरी पट्टी हवीच, कारण जत्रेत त्यावरून माणसं, सायकली, आइस्क्रीमचे गाडे असं सगळंच जातं.

मद्रासचा एक गुण

हेलसिंकीची तयारी सुरू झाली तेव्हा खाशाबा भरात होते. पण निवडीच्या वेळी मद्रासच्या लढतीत त्यांना प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक गुण कमी दिला गेला आणि त्यांचं नाव मागे पडलं. आपल्यावर अन्याय झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. फेरलढत झाली, खाशाबा जिंकले आणि हेलसिंकीचं दार उघडलं.

इथे थोडं थांबून विचार करा. एका गुणावरून एका माणसाचं ऑलिम्पिक जाणार होतं, आणि तो गुण बरोबर होता की नाही हे पुन्हा तपासायची काहीच सोय नव्हती. पुन्हा कुस्ती लढूनच सिद्ध करावं लागलं.

आज मॅटवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत प्रशिक्षक आव्हान देऊन पंचांना व्हिडिओ पाहायला लावू शकतो. तरी नुसता कॅमेरा असून भागत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पाठ टेकली की नाही यावरून केवढा वाद पेटला, ते तुम्ही रील्सवर पाहिलंच असेल. एकाच क्षणाचे निरनिराळे व्हिडिओ पाहून लोक निरनिराळा निकाल देत होते. प्रश्न अँगलचा असतो. समोरून खांदा टेकलेला वाटतो, बाजूने पाहिलं तर खाली बोटभर फट दिसते.

म्हणून आमच्या कॅमेऱ्यांच्या जागा अशा आहेत:

- पहिला उंचावर. पूर्ण हौद दिसेल असा, झूम न बदलणारा.
- दुसरा माणसाच्या हातात किंवा ट्रायपॉडवर. पैलवानांच्या मागे फिरणारा.
- तिसरा जमिनीपासून हातभर उंचीवर, पहिल्याच्या दिशेला काटकोनात. दोन्ही खांदे टेकले की नाही हे हाच सांगतो.
- चौथा गुणफलक, घड्याळ आणि पंचांच्या टेबलावर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चारही कॅमेरे स्वतंत्र रेकॉर्ड होतात. लाइव्हमध्ये एका वेळी एकच चित्र जातं, बाकी तीन हवेत विरतात. वाद नेमका त्या तीनपैकी एकात सुटणार असतो. हिशेब सोपा आहे. १० एमबीपीएसने एक तास रेकॉर्ड केलं तर ४.५ जीबी लागतात. चार कॅमेरे, सहा तास म्हणजे १०८ जीबी. एका साध्या एसएसडीत अनेक मैदानं मावतात. पंचांनी ते फुटेज पाहायचं की नाही, हे आयोजक ठरवतील. आमचं काम ते तयार ठेवणं.

सात हजारांसाठी गहाण पडलेलं घर

निवड झाली, पण पैसे नव्हते. खाशाबा आणि त्यांची माणसं गावोगाव फिरली. कराडच्या दुकानदारांनी, आसपासच्या गावकऱ्यांनी जमेल तेवढं दिलं. तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी. १९५२ सालचे सात हजार!

पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी काय केलं, हे मला पदकाइतकंच मोठं वाटतं. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्यातून आलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं.

स्टार्टअपच्या भाषेत बोलायचं तर आधी काम, मग कर्जफेड, मग हौस. आम्हीही तोच क्रम धरला. कॅमेरे भाड्याने घेतो, कारण ते दर दोन वर्षांनी जुने होतात. केबल, ट्रायपॉड, स्विचर आणि बॅटऱ्या विकत घेतल्या, कारण त्या प्रत्येक मैदानाला लागतात. ड्रोन अजून घेतलेला नाही. पाठ टेकली की नाही हे ड्रोनमधून दिसत नाही.

विजेचं गणितही इथेच सांगतो. आमच्या गाडीचा भार साधारण ४०० वॉट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची एक इन्व्हर्टर बॅटरी कागदावर १,८०० वॉट-अवर देते. पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज जाते, म्हणून हातात १,२०० पडतात. म्हणजे तीन तास. सहा तासांच्या मैदानाला दोन बॅटऱ्या हव्यात, जनरेटर असला तरी. कारण जनरेटरमध्ये डिझेल भरायला थांबले की मध्ये लॅपटॉप चालतो, पण स्विचर बंद पडतो.

हेलसिंकी, आणि न मिळालेली तीस मिनिटं

जुलै १९५२. बँटमवेट गट, ५७ किलो. खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्वीनला चितपट केलं. मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला चितपट केलं. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला गुणांवर हरवलं. पदक दिसू लागलं.

मग समोर आला जपानचा शोहाची इशी. ज्युदोतून कुस्तीत आलेला तगडा गडी. लढत लांबली, खाशाबा गुणांवर हरले. इशीने पुढे सुवर्ण जिंकलं. या लढतीनंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला बोलावलं गेलं. नियमाप्रमाणे दोन लढतींत किमान ३० मिनिटं विश्रांती मिळायला हवी होती. पण हे पंचांना सांगायला त्या वेळी तिथे एकही भारतीय अधिकारी नव्हता. दमलेले खाशाबा मॅटवर उतरले आणि हरले. मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य.

विश्रांती मिळाली असती तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण तो हक्क त्यांचा होता आणि तो मिळाला नाही, एवढं नक्की.

हे वाचून मी व्हॅनसाठी एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. आम्ही त्याला विश्रांतीचं घड्याळ म्हणतो. काम साधं आहे. प्रत्येक कुस्ती संपली की ऑपरेटर एक बटण दाबतो आणि दोन्ही पैलवानांच्या नावापुढे ती वेळ सेव्ह होते. पुढची जोड पुकारली की सॉफ्टवेअर वजाबाकी करतं. स्पर्धेच्या नियमात ठरलेली विश्रांती पूर्ण झाली नसेल तर नावाभोवतीची चौकट लाल होते आणि उरलेली मिनिटं दिसतात. हे एक वेब पेज आहे, ओबीएसमध्ये ब्राउझर सोर्स म्हणून जोडलं की थेट स्क्रीनवर येतं. कोडिंग शिकणाऱ्या कुणालाही एका रविवारी जमेल.

पण खरी मेख पुढे आहे. हेलसिंकीत घड्याळं होती. नियमही लिहिलेला होता. नव्हता तो बोलणारा माणूस. त्यामुळे आमची लाल चौकट फक्त प्रेक्षकांना दाखवून उपयोग नाही. तीच स्क्रीन पंचांच्या टेबलावर एका टॅबवर चालते आणि लिंक पैलवानाच्या वस्तादांच्या व्हॉट्सॲपवर जाते. तंत्रज्ञान माहिती देतं. ती घेऊन उठून उभं राहायला माणूसच लागतो.

बैलगाड्यांची मिरवणूक

खाशाबा परत आले तेव्हा कराड ते गोळेश्वर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, हलगी, फटाके. ज्यांनी रुपया-रुपया दिला होता ती सगळी माणसं रस्त्यावर होती. त्यातल्या कुणीही ती कुस्ती पाहिलेली नव्हती. हेलसिंकीतून थेट टीव्ही प्रक्षेपण नव्हतंच.

आज त्याच रस्त्यावर प्रत्येकाच्या खिशात स्क्रीन आहे आणि अडचण उलटी झाली आहे. जत्रेच्या मैदानात सकाळी ११ ला स्पीड टेस्ट केली तर अपलोड झकास दिसतो. संध्याकाळी मोठी कुस्ती लागते, हजारो लोक एकाच टॉवरवर व्हिडिओ टाकायला लागतात आणि तोच अपलोड आटतो. नेमकी मुख्य कुस्ती अडकते.

आमचा उपाय तीन पदरी आहे. एक, ७२०पी वर समाधान मानायचं. त्याला साधारण ४ एमबीपीएस पुरतात, आणि हातात त्याच्या दुप्पट अपलोड ठेवायचा. दोन, वेगवेगळ्या कंपन्यांची तीन सिम वापरून बॉन्डिंग करायचं. म्हणजे व्हिडिओचे तुकडे तिन्ही वाटांनी एका सर्व्हरकडे जातात, तिथे ते पुन्हा जोडले जातात आणि मग यूट्यूबला जातात. एक वाट तुंबली तर बाकीच्या दोन भार घेतात. तीन, गाडी ते सर्व्हर या टप्प्यात एसआरटी प्रोटोकॉल वापरायचा. वाटेत हरवलेला तुकडा तो पुन्हा मागून घेतो. बदल्यात चित्र दोन-तीन सेकंद उशिरा पोचतं, ते चालतं. गावात फायबर असेल तर सगळ्यात उत्तम. ग्रामपंचायतीत किंवा केबलवाल्याकडे आठवडाभर आधी विचारा.

आवाजाचंही तसंच. निवेदकाचा माइक लाउडस्पीकरसमोर फोन धरून घेऊ नका, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळी लाइन घ्या. हलगीसाठी लांब एक माइक ठेवा. हलगी नसलेली कुस्ती घरच्यांना कुस्ती वाटत नाही.

पोलिसातली वर्षं आणि मशाल

१९५५ मध्ये खाशाबा पोलिस दलात सब-इन्स्पेक्टर झाले. सुमारे २७ वर्षं नोकरी केली. बढतीसाठी फार काळ वाट पाहावी लागली. निवृत्त होताना ते सहायक पोलिस आयुक्त होते. पोलिस स्पर्धांत खेळले, इतरांना शिकवलं. पण देशाला त्यांचा हळूहळू विसर पडत गेला.

१९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये त्यांच्या हाती मशाल आली. योगायोग पाहा, दूरदर्शनवर रंगीत चित्र आलं तेही त्याच वर्षी. देशभर गावोगावच्या टीव्हीवर खेळ दिसायला लागले तेव्हा खाशाबा ५६ वर्षांचे होते. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. छत्रपती पुरस्कार आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या मृत्यूनंतर मिळाले. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या हॉलला त्यांचं नाव दिलं, तेही २०१० मध्ये.

त्यांच्यानंतर भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली. १९९६ मध्ये लिअँडर पेसने ते आणलं. महाराष्ट्राला तर ७२ वर्षं. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकलं, तेव्हा खाशाबांचं नाव पुन्हा सगळ्यांच्या फोनवर आलं.

विसर पडू नये म्हणून आम्ही काय करतो? रेकॉर्डिंगच्या दोन प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवतो. आणि प्रत्येक कुस्तीसोबत माहिती लिहितो: दोघांची पूर्ण नावं, गाव, तालीम, वजन, निकाल, वेळ, पंच. नाव देवनागरीतच, आणि प्रत्येक पैलवानाला एक कायमचा क्रमांक. कारण खाशाबा, खाशाबा दादासाहेब, के. डी. जाधव ही एकाच माणसाची नावं आहेत, हे सर्च इंजिनला आपोआप कळत नाही. फायनल२_नवीन.एमपी४ अशा नावाची फाइल दहा वर्षांनी कुणालाही सापडणार नाही.

साताऱ्यात २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरी झाली. सांगलीत मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. अशा मोठ्या स्पर्धांना कॅमेरे मिळतात. पण पैलवान घडतो तो गावच्या जत्रेत, शंभर-दोनशे रुपयांच्या कुस्तीत, जिथे कुणी काही लिहून ठेवत नाही. आमची व्हॅन तिथे न्यायची आहे.

तुमच्याकडे व्हॅन नसली तरी फोन आहेच. गावच्या मैदानात जाल तेव्हा फोन आडवा धरा, बाजूला आणि जरा खाली बसा, झूम करू नका. रेकॉर्डिंग सुरू करताच दोन्ही पोरांची नावं, गावं आणि तारीख मोठ्याने बोला. मग कुस्ती पूर्ण होईपर्यंत हात हलवू नका.